जीभ दाखवा

गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडे ताप घेऊन गेलं, की स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधी एक हुकूम सुटायचा, “जीभ दाखवा बघू.” पेशंट जीभ बाहेर काढायचा, डॉक्टर टॉर्च मारायचे, “हं” म्हणायचे आणि पुढच्या तपासणीला लागायचे. त्या “हं”मध्ये बरंच काही असायचं. जीभ कोरडी ठाक असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय, जुलाबाच्या पेशंटला सलाइन लागेल. फिकट असेल तर रक्त कमी. जीभ उचलायला लावली आणि खालची बाजू पिवळी दिसली तर कावीळ. निळसर दिसली तर रक्तात प्राणवायू पुरेसा नाही, थांबायला वेळ नाही. पाच सेकंदांची, बिनपैशाची तपासणी! आता रक्ताचे रिपोर्ट परस्पर मोबाइलवर येतात आणि तो हुकूम क्वचितच कानी पडतो.

घरातली गोष्ट वेगळी. सकाळी मोरीवरून येणारा खाकरण्याचा आवाज मराठी घराला नवा नाही. ब्रशशेजारच्या पेल्यात तांब्याची किंवा स्टीलची पट्टी उभी असते. जीभ साफ करण्याची परंपरा आपल्याकडे दांडगी आहे. ती निरखून पाहण्याची मात्र नाही. या प्रकरणाचं सांगणं थोडक्यात तेवढंच आहे. घासण्यात आपण फारसे कमी पडत नाही, पाहण्यात पडतो. तोंडाचा जो आजार आपल्या भागात माणसं नेतो, तो बहुधा डोळ्यांसमोर वाढत असतो आणि कुणी तोंड उघडून बघितलेलं नसतं.

हाडाविना चालणारा अवयव

जीभ म्हणजे जवळजवळ निव्वळ स्नायू. त्यांचे आठ प्रकार. चार जिभेतच सुरू होतात आणि जिभेतच संपतात. ते तिचा आकार बदलतात. बाकीचे चार खालचा जबडा, गळ्यातलं कंठास्थी, कवटी आणि टाळू यांना बांधलेले असतात. ते तिला पुढे-मागे, वर-खाली नेतात. आत आधाराला हाड नाही. हत्तीची सोंड याच तत्त्वावर चालते: स्नायूंचं एकूण घनफळ बदलत नाही, त्यामुळे एका दिशेने ते आवळले की दुसऱ्या दिशेने लांबतात. ‘त’ म्हणताना शेंडा दातांना टेकतो, ‘ट’ म्हणताना टाळूला लागतो आणि ‘ळ’ म्हणताना मागे वळून टाळूवर आपटतो. हे सगळं बोलण्याच्या वेगात आणि बहुतेक वेळा दातांखाली न सापडता.

जिभेची पाठ खरखरीत असते, कारण तिच्यावर बारीक उंचवटे असतात. त्यांना अंकुर म्हणू. सर्वांत जास्त संख्या धाग्यासारख्या अंकुरांची. त्यांना चव कळत नाही. घास धरून ठेवणं आणि घोळवणं एवढंच त्यांचं काम. घोंगडीच्या लोकरीत कुसळं अडकावीत तसे अन्नाचे कण, मेलेल्या पेशी आणि जिवाणू या अंकुरांत अडकतात. त्यांच्यामधून डोकावणारे लाल ठिपके म्हणजे छत्रीसारखे अंकुर; शेंड्यावर आणि कडांना ते जास्त दिसतात. अगदी मागे, घशाजवळ, इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ ते बारा मोठे गोल उंचवटे असतात. घसा दुखतो म्हणून कुणी मोबाइलचा टॉर्च लावून आत बघतो, हे गोळे पहिल्यांदाच त्याच्या नजरेस पडतात आणि रात्रभर झोप उडते. ते जन्मापासून तिथेच असतात. दोन्ही बाजूंना सारखे आणि ओळीत असतील तर काळजीचं कारण नाही.

चवीच्या कळ्या या अंकुरांत असतात. त्यांतल्या पेशी साधारण दहा दिवसांत बदलतात, म्हणून चहाने पोळलेली जीभ आठवड्याभरात पुन्हा चवीला जागी होते. शाळेच्या पुस्तकात जिभेचा एक नकाशा असायचा: शेंड्यावर गोड, कडांना आंबट, मुळाशी कडू. तो चुकीचा आहे. हॅनिग या जर्मन संशोधकाने १९०१ साली जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनशीलतेतले अगदी किरकोळ फरक मोजले होते. पुढे १९४२ साली एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात ते असे मांडले गेले, की जणू प्रत्येक चवीचा वेगळा वॉर्डच आहे. शेंड्यावर मिठाचा खडा ठेवून बघा, खारट लागेलच.

आपले रस सहा: मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय. आजचं शास्त्र चवी पाच मानतं. गोड, आंबट, खारट आणि कडू या चार, आणि पाचवी उमामी, जी १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शैवालाच्या कढणात ओळखली. तिखट आणि तुरट या दोघांना त्या यादीत जागा नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली त्यामागचा ग्राहक शोधला आणि २०२१च्या नोबेलमध्ये ज्युलियस यांचा वाटा होता. म्हणजे ठेचा खाताना ‘जीभ पोळली’ म्हणतो ते मज्जासंस्थेच्या लेखी अक्षरशः खरं असतं. तुरटपणा हा बराचसा स्पर्श आहे: सुपारी, हिरडा किंवा कच्च्या केळ्यातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड आवळल्यासारखं वाटतं. तिखट आणि तुरट हे दोघं पुढे एका गंभीर विषयात पुन्हा भेटतील.

लाळ, थर आणि वास

तोंडाचा खरा सफाई कामगार लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती कण धुऊन नेते, आम्ल निवळवते, दातांना कॅल्शियम आणि फॉस्फेट परत देते आणि काही जिवाणूंना आवरही घालते. झोपेत तिचं पाझरणं खूप मंदावतं. सकाळी तोंडाला वास येतो तो त्यामुळे, आणि रात्री न घासता झोपणं दातांना सर्वांत महाग पडतं तेही त्यामुळेच. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि आटोक्यात नसलेल्या मधुमेहाने तोंड कोरडं पडतं. अशा माणसाचे दात पाहता पाहता किडतात. त्याने घोट घोट पाणी पीत राहावं, आणि गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना ही तक्रार आवर्जून सांगावी.

माणसांच्या तोंडांत जिवाणूंच्या सातशेहून अधिक जाती सापडल्या आहेत. त्यांना पहिल्यांदा पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन लेव्हनहूक याने १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्याच दातांच्या फटीतल्या पांढऱ्या लगद्यात वळवळणारे जीव दिसल्याचं कळवलं. गंमत म्हणजे हा गृहस्थ रोज मिठाने दात घासायचा. व्हिनेगर लावून पाहिल्यावर लगद्याच्या आतले जीव तसेच जिवंत राहतात, हेही त्याच्या ध्यानात आलं. जवळजवळ साडेतीनशे वर्षांनंतरही धडा तोच आहे. थर बनवून राहणारे जिवाणू नुसत्या चुळांनी किंवा गुळण्यांनी हलत नाहीत. तिथे घासावंच लागतं. तेलाच्या गुळण्या हौसेने करणाऱ्यांनी कराव्यात, पण ब्रशला सुट्टी देऊ नये.

तोंडाला वास येतो म्हटलं की घरचे लगेच म्हणतात, “पोट साफ नाही.” बहुतेक वेळा बिचाऱ्या पोटाचा यात काही संबंध नसतो. उगम तोंडातच असतो: हिरड्यांच्या फटी, किडलेले दात, न काढता तशीच ठेवलेली कवळी आणि जिभेची मागची बाजू. तिथे हवा पोचत नाही; हवेविना जगणारे जिवाणू प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. त्यांतला हायड्रोजन सल्फाइड म्हणजेच सडक्या अंड्याचा वास. दात, हिरड्या, जीभ सगळं स्वच्छ असूनही वास जात नसेल, तर टॉन्सिल, सायनस, मधुमेह अशा गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, दात घासण्यापाठोपाठ जीभ खरवडायला सांगितलं आहे. त्यासाठीची पट्टी सोन्याची, चांदीची, तांब्याची, कथलाची किंवा पितळेची असावी, ती वाकलेली असावी आणि धारदार नसावी, एवढा तपशील तिथे आहे. जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळाने दुर्गंधी येते, हेही सांगितलं आहे. आजचे मुखरोगतज्ज्ञ जागा तीच दाखवतात.

पट्टी फिरवायची ती अशी. आधी चूळ भरून जीभ ओली करा. जीभ बाहेर काढून श्वास नाकाने घ्या, म्हणजे उमासा कमी येतो. पट्टीची कमान जमेल तितकी मागे टेकवा, हलक्या हाताने पुढे ओढा, नळाखाली धुवा. असं तीन-चार वेळा. पट्टीवर येणारा थर पिवळट-पांढरा असतो. गुलाबी आला म्हणजे रक्त काढलंत, हात हलका करा. जीभ लालेलाल होईपर्यंत घासणं आणि बोटं घशात घालून ओकारी काढणं, या दोन्हींत शुद्धी नाही; घशाला आणि अन्ननलिकेला त्रास मात्र आहे. छोट्या चाचण्यांमध्ये वासाचे वायू कमी करण्यात पट्टी ब्रशपेक्षा थोडी सरस ठरली आहे, पण तो परिणाम फार वेळ टिकत नाही. म्हणून रोज करायचं. पट्टी नसेल तर ब्रशनेही चालतं, चमच्याची कड उलटी फिरवली तरी चालतं.

झणझणीत जंतुनाशक माउथवॉश मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय महिनोन्‌महिने वापरू नये. त्यांतल्या क्लोरहेक्सिडिनने दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, चवही बिघडते. शिवाय जिभेवरचे सगळेच जिवाणू आपल्या वाईटावर नसतात. पालक, बीट यांतलं नायट्रेट लाळेतून जिभेवर येतं आणि तिथले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. त्यातून शरीरात रक्तवाहिन्या सैलावणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं. निरोगी माणसांवरच्या लहान अभ्यासांत असा माउथवॉश वापरल्यावर रक्तदाब किंचित वाढलेला दिसला. झाडून काढायचं ते केर, घरातली माणसं नव्हेत.

ब्रश, पेस्ट आणि रात्र

हा भाग सर्वांना माहीत असतो आणि थोडेच पाळतात, म्हणून आटोपशीर सांगतो. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रश. दोन्हींपैकी एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची धरा. पेस्टमध्ये फ्लोराइड असावं, मोठ्यांसाठी हजार ते दीड हजार पीपीएम. वेष्टनावर आकडा छापलेला असतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी लहान मुलांची पेस्ट दंतवैद्याला विचारून ठरवावी. घासून झाल्यावर फेस थुंका, पण लगेच खळखळून चुळा भरू नका. थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. लिंबू सरबत किंवा कोकम प्यायल्यावर अर्धा तास थांबून ब्रश करा, कारण आम्लाने दाताचं कवच तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं. राखुंडी आणि कोळसा दात पांढरे करतात ते कवच घासून. ते कवच पुन्हा येत नाही. ब्रशचे केस पसरले की तो बदला, साधारण तीन महिन्यांनी. आजी-आजोबांची कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. ती चोवीस तास तोंडात राहिली की टाळूवर बुरशी धरते.

रंग काय सांगतो

निरोगी जीभ गुलाबी, ओलसर आणि मखमली असते. वर पातळ पांढुरका थर असला तरी बिघडत नाही. उपासाच्या दिवशी किंवा तापात तो जाड होतो, कारण चावणं आणि लाळ दोन्ही कमी होतात. जेवण सुरळीत झालं की तो ओसरतो.

जीभ फिकट पडली तर रक्तक्षयाची शंका घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे ही शंका बहुतेक घरांत खरी ठरण्याजोगी आहे. हिमोग्लोबिन तपासून घ्यायला हरकत नाही. जीभ गुळगुळीत, लालबुंद, चकचकीत झाली आणि तिची आग होऊ लागली, तर धाग्यासारखे अंकुर झडलेत असं समजा. लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याची ती खूण असते. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. दूधदुभतंही बेताचंच खाणाऱ्या शाकाहारी माणसाला ते हमखास कमी पडतं.

जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे उमटतात, त्यांना पांढरी किनार असते आणि ते आठवड्या-दोन आठवड्यांनी जागा बदलतात. ही ‘नकाशी जीभ’. शंभरात एक ते तीन जणांना असते, कधी तिखटाने चुरचुरते. ती संसर्गजन्य नाही आणि तिच्यावर औषधही लागत नाही. वयाबरोबर पडणाऱ्या खोल भेगा, कडांवर उमटलेले दातांचे ठसे, म्हातारपणी जिभेखाली दिसणाऱ्या निळ्या फुगीर शिरा, याही बिनधोक. जीभ काळी आणि केसाळ दिसू लागली तर माणूस हादरतोच. ते न झडता लांब वाढलेले अंकुर असतात. अँटिबायोटिकचा कोर्स, तंबाखू, अस्वच्छता ही त्याची नेहमीची कारणं. कारण दूर केलं आणि रोज पट्टी फिरवली की ते जातं.

दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके, पुसले तर खाली लाल, कधी रक्ताळलेली त्वचा, ही कँडिडा नावाची बुरशी. तान्ह्या बाळांना, कवळी घालणाऱ्यांना, मधुमेह्यांना आणि दम्याचा स्टेरॉइड पंप घेणाऱ्यांना ती होते. पंप घेतल्यावर दर वेळी चूळ भरून थुंकायची, एवढ्यानेही ती बरीचशी टळते. बाळाच्या जिभेवरचं दूध ओल्या कापडाने सहज पुसलं जातं, बुरशी जात नाही. फरक ओळखायला एवढं पुरे. पुसला न जाणारा पांढरा चट्टा मोठ्या माणसाच्या तोंडात दिसला तर त्याची गोष्ट निराळी. ती पुढे येते.

तोंड आलंय

साधं तोंड येणं सर्वांच्या परिचयाचं. गालाच्या किंवा ओठाच्या आत, जिभेच्या कडेला लहान गोल व्रण येतो, मध्ये पिवळट आणि भोवती लाल. आकाराच्या मानाने दुखतो फार, आणि आठ-चौदा दिवसांत आपोआप भरतो. जागरण, मानसिक ताण, घास चावताना गाल चावला जाणं, लोह किंवा बी-१२ची कमतरता, ही कारणं. काहींना फेसाळ टूथपेस्टमधल्या सोडियम लॉरिल सल्फेटने तो वारंवार येतो. ते नसलेली पेस्ट वापरून पाहावी.

जाईची पानं चावणं, कच्चं तोंडलं चघळणं, साजूक तूप लावणं हे घरचे उपाय बिनधोक आहेत. व्रण नाहीतरी भरणारच असतो, तोवर बरं वाटतं. तान्ह्या बाळाच्या तोंडात मात्र टाकणखार आणि मध लावू नये. टाकणखार विषारी ठरू शकतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो.

आता एक नियम लक्षात ठेवा, बाकीचं प्रकरण विसरलात तरी चालेल. तोंडातला कुठलाही व्रण दोन आठवड्यांत भरला पाहिजे. तुटक्या दाताचं टोक किंवा सैल कवळी टोचत असेल तर दंतवैद्याकडून ती कड घासून घ्या आणि पुन्हा दोन आठवडे पाहा. तरीही भरला नाही, तर तो दुखतो की नाही हे विचारात न घेता डॉक्टरांना दाखवा. कर्करोगाचा व्रण सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखतं म्हणून माणूस साध्या व्रणासाठी धावतो, आणि दुखत नाही म्हणून ज्याला धावायला हवं तो घरी बसतो.

सुपारी, खर्रा आणि मिश्री

२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले आणि त्यांतल्या बहुतेकांची तंबाखू धुराची नव्हे, तोंडात धरायची होती. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, चुन्यात मळलेला बार, गुटखा. महाराष्ट्राने २०१२च्या जुलैत गुटख्यावर बंदी घातली. बंदीनंतर पानटपरीवर काय काय मिळतं ते वाचकांना सांगायला नको.

मिश्री हा खास आपल्याकडचा प्रकार. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, त्या वासाने घरभर ठसका लागतो. मग ती कुटून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर तर्जनीवर चिमूटभर घेऊन हिरड्यांवर चोळायची, उंबऱ्यात बसून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. “मिश्री लावल्याबिगर परसाकडं होत न्हाई,” असं कितीतरी बायका सांगतात. ते खोटं नाही: निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते आणि शरीर त्याला सरावतं. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट-टूथपावडरवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी आणली. मिश्री घरच्याच तव्यावर भाजली जाते, तिथे बंदी पोचणार कशी? ज्याला आपण दात घासणं समजतो ते हिरड्यांतून निकोटिन घेणं आहे, हे घरातल्या माणसानेच शांतपणे सांगायला हवं. टोमणे मारून आजवर कुणाची मिश्री सुटलेली नाही.

“तंबाखू नाही, मी नुसती सुपारी खातो,” असं म्हणणारेही सुरक्षित नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी तंबाखूविनाही कर्करोगकारक असल्याचं स्पष्ट केलं. जेवणानंतरची गोड सुपारी मुलांच्या हातावर ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. सुपारीतली अरेकोलीनसारखी द्रव्यं गालाच्या अस्तराखाली तंतुमय ऊतक वाढवतात. या आजाराला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांचं वर्णन करताना वापरलं. पहिली तक्रार अशी असते: “हल्ली तिखट अजिबात सोसत नाही.” मग गालांचा रंग उडतो, आत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, जीभ बाहेर येईनाशी होते. पाणीपुरीची पुरी अख्खी आत जात नाही. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात ती जातात. दोनच जात असतील आणि सुपारीची सवय असेल, तर आज सुपारी थांबवा आणि याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आखडलेलं तोंड पूर्ववत होत नाही, आणि यांतल्या काही जणांना पुढे कर्करोग होतो. सवय जितकी लवकर तुटेल तितकं उरलेलं तोंड वाचतं.

आरशासमोरचं एक मिनिट

दिवसाउजेडी आरशासमोर उभे राहा, हातात टॉर्च घ्या, कवळी असेल तर काढा. हात धुतलेले असू द्या.

आधी ओठ उलटवून आतली बाजू आणि हिरड्या पाहा. मग बोटाने गाल बाजूला ओढून दोन्ही गालांची आतली बाजू. तंबाखूचा बार जिथे ठेवता तिथे जास्त वेळ. जीभ बाहेर काढून पाठ पाहा. आता महत्त्वाचं: स्वच्छ रुमालाने जिभेचा शेंडा धरा, ती एका बाजूला ओढा आणि कड मागपर्यंत पाहा, मग दुसरी कड. जिभेचा कर्करोग बहुतांशी या कडांवरच सुरू होतो आणि नुसती जीभ बाहेर काढून त्या दिसत नाहीत. जीभ टाळूला लावून खालची बाजू, शेवटी मान मागे करून टाळू. जाता जाता जबड्याखाली आणि मानेवर बोटं फिरवून गाठ लागते का ते पाहा.

शोधायचं ते एवढंच: न भरणारा व्रण, पुसला न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा, हाताला कडक लागणारी जागा, कारण नसताना रक्त, हलणारा दात, गिळताना किंवा बोलताना नव्याने आलेली अडचण. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. यांतलं काही दिसलं म्हणजे कर्करोगच असं मुळीच नाही. पण निदान आरशात होत नाही, डॉक्टरांकडे होतं. गरज पडली तर लहानसा तुकडा काढून. “तुकडा काढला की आजार पसरतो,” ही भीती निराधार आहे आणि तिने बऱ्याच लोकांचा उशीर केला आहे.

बघण्याने खरंच जीव वाचतो का, याचं उत्तर केरळने दिलं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत १३ पंचायत क्षेत्रं घेतली गेली. काही क्षेत्रांत प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जाऊन पस्तिशीपुढच्या माणसांची तोंडं उजेडात तपासत. ते डॉक्टर नव्हते. बाकीच्या क्षेत्रांत नेहमीच्याच सोयी होत्या. २००५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या भागात ३४ टक्क्यांनी कमी होते. यंत्र नाही, रक्ताची चाचणी नाही. उजेड आणि शिकवलेली नजर.

आपल्याकडेही सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत व्हायची तरतूद आहे. आशाताईंना विचारलं तर दिवस कळतो. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतक्रमांक फुकट आहे. घरातली सवय असलेली माणसं स्वतः होऊन आरशापुढे उभी राहणार नाहीत, हे गृहीत धरा. महिन्यातली एक तारीख ठरवा, टॉर्च तुम्ही धरा आणि जुन्या डॉक्टरांसारखं हक्काने सांगा. तोंडाचा कर्करोग लहान असताना सापडला तर बहुतेक माणसं बरी होतात. मोठा होऊन सापडला तर जबडा, जीभ, बोलणं आणि जेवणं यांतलं काय राहील याची हमी कुणीच देत नाही.